पुढे ढकललेलं सहावं गाणं

त्या गाण्याची पहिली चाळीस सेकंदं मी निदान तीनशे वेळा ऐकली असतील, आणि त्यापुढे काय आहे हे मला महिनाभर माहीत नव्हतं. यात माझा आळस नाही, माझी नोकरीच तशी आहे. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये मी मोटारीतली गाणी वाजवणारी यंत्रणा तपासते. उभ्या गाडीत बसायचं, ठरलेला तुकडा लावायचा, ऐकायचं. मग खिडकी उघडून तोच, एसी जोरात लावून तोच, ड्रायव्हरशेजारी बसून तोच, मागच्या सीटवर बसून तोच. कुठे खरखर आली, कुठे आवाज दबला, हे फॉर्मवर लिहायचं. गाणं कसं आहे हे लिहायला फॉर्मवर जागा नाही.

या वर्षी तपासणीच्या यादीत एका इंग्लिश बाईचा नवा अल्बम आला. स्वतः लिहिते, स्वतः गाते, आणि गाते काय, तर अमेरिकन कंट्री. इंग्लंडच्या उत्तरेकडचं गाव सोडून ती दहा-बारा वर्षांपूर्वी टेनेसीत येऊन राहिली आणि अल्बमची सगळी गाणी तिथल्या वादकांना घेऊन केली. त्यातलं सहावं गाणं आमच्या कामाचं निघालं, कारण तिचा आवाज खालचा आणि मागे वाजणारी स्टील गिटार अगदी वरची. एकाच तुकड्यात स्पीकरची दोन्ही टोकं तपासून होतात.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी नागपूरचा. त्याला हे अजिबात पटलं नाही.

"अरे यार, इंग्लंडची बाई आणि टेनेसीचं गाणं? हे म्हणजे आपलं साओजी मटण पुण्यात खाल्ल्यासारखं आहे."

"खाल्लंयस का कधी पुण्यात?"

"खाणार पण नाही," तो म्हणाला आणि हेडफोन लावून बसला.

मला मात्र त्या गाण्याची वेगळीच खाज सुटली होती. त्या चाळीस सेकंदांत एक मुलगी घर सोडून निघालेली असते. दारात टॅक्सी उभी असते, ती बॅगेची चेन ओढत असते आणि चेन मध्येच अडकते. आमचा तुकडा तिथे संपतो. म्हणजे दिवसातून पंधरा-वीस वेळा ती चेन अडकायची आणि मी गाणं बंद करायचे. कशाला अडकली? विमान चुकलं का? मला लहानपणापासून अर्धवट गोष्ट सहन होत नाही. दुसऱ्याच्या घरी टीव्हीवर चालू असलेल्या मालिकेचाही शेवट मी विचारून घेते. शेवटी एका संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, माझ्या स्वतःच्या गाडीत बसून, मी ते गाणं पुरतं ऐकलं.

चेन अडकलेली असते चहाच्या पुड्याला. मुलीच्या नकळत आईने तो बॅगेच्या कोपऱ्यात कोंबलेला असतो. मुलगी चिडते, हसते, आणि म्हणते, इतकी काळजी आहे तर तूच चल की माझ्याबरोबर. आई म्हणते, मी आले तर तू परत येशील तेव्हा दार कोण उघडेल? बस्स, एवढंच गाणं. मी गाडी सुरू न करता तशीच बसून राहिले. कुतूहल भागलं आणि मनात भलतंच काहीतरी येऊन बसलं, कारण त्या वेळी माझी आई सहा महिन्यांसाठी माझ्या घरी आली होती, आणि तिच्या सहीची वाट बघत काही कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पडले होते.

आई शहात्तर वर्षांची. सांगलीला शाळेत मराठी शिकवायची. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून ती तिथल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मागच्या थंडीत ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि ही बातमी तिने मला चार दिवसांनी दिली, तीही भाजीचे भाव सांगून झाल्यावर. त्या दिवशी मी ठरवलं की आता हिला इकडे आणायचं, सहा महिन्यांसाठी नव्हे, कायमचं. मी वकील गाठला, ग्रीन कार्डाचे कागद तयार करून घेतले. वकिलाने सहीच्या जागी पेन्सिलीने छोट्या फुल्या मारून दिल्या होत्या. आई टेबल पुसताना ते कागद उचलायची, खालचं टेबल पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. एकदा तिने त्यांच्यावर फळांची परडी ठेवली. उडू नयेत म्हणून, म्हणाली. घरात पंखासुद्धा नव्हता.

तिला कुठे न्यायचं तर गाडीतूनच. इंडियन स्टोअर, देऊळ, डोळ्यांचा डॉक्टर, लायब्ररी. गाडीत तो अल्बम लागलेला असायचा. आधी ती खिडकीबाहेर बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी विचारलं, "ही कुठली गं?"

"इंग्लंडची."

"मग इथली गाणी का म्हणते?"

"आवडतात म्हणून."

"हे उत्तर अर्ध्या मार्काचं झालं," आई म्हणाली.

तिथून आमचा वर्गच सुरू झाला. प्रत्येक गाणं मी ओळीओळीने मराठीत सांगायचं आणि आईने संदर्भासह स्पष्टीकरण मागायचं. एका गाण्यात जुन्या ट्रकचा उल्लेख होता. "ट्रक कोणाचा? तिचा की त्या मुलाचा?" एकात ती तीन दिवस गाडी चालवत जाते. "का पण? रेल्वे नाही का?" स्टील गिटार तिला फार आवडली. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात असं मी सांगितल्यावर म्हणाली, "म्हणूनच इतकी लांब मींड घेता येते." नंतर गाणं सुरू झालं की ती वाद्य यायची वाट बघायची आणि आलं की बोट वर करायची. तिचं एक आवडतं तक्रारीचं वाक्य होतं की तुमच्याकडची माणसं तोंडात गुळणी धरून इंग्रजी बोलतात, म्हणून शब्द कळत नाहीत. ही गाणारी बाईसुद्धा गाताना तशीच गुळणी धरायची. त्यामुळे माझ्या मराठीवाचून आईचं अडत होतं, आणि मला ते, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी मला काहीतरी येत होतं आणि तिला येत नव्हतं.

फक्त एक गोष्ट मी करायचे. पाचवं गाणं संपत आलं की स्टिअरिंगवरचं बटण दाबून सहावं पुढे ढकलायचे.

"हे का नाही?" तिने एकदा विचारलं.

"ऑफिसात तेच ऐकते दिवसभर. वीट आलाय."

"बरं," म्हणून ती परत खिडकीबाहेर बघू लागली.

तिचं कुतूहल गाण्यांवरून बाईवर गेलं. तिकडे इंग्लंडात हिला काय म्हणतात? अमेरिकेची? आणि इथे? इंग्लंडची? "म्हणजे तुझ्यासारखंच की," आई म्हणाली. "सांगलीत तू अमेरिकेची आणि इथे इंडियाची." मग थोड्या वेळाने, "हिची आई कुठे असते?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. मला साधारण माहीत होतं.

हे सगळं माझ्या मुलीला फार गमतीचं वाटत होतं. ती सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली, आजीशी तिचं निम्मं बोलणं इंग्रजीत आणि निम्मं हातवाऱ्यांनी. तिनेच एक दिवस फोन नाचवत सांगितलं, "आजी, शी इज कमिंग हिअर! सॅटर्डेला!" शेजारच्या गावातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात ती बाई येणार होती. तीन गाणी म्हणणार, मग अल्बमवर सह्या देणार. मुलीला शनिवारी काम होतं, म्हणून मी आणि आई जाणार असं ठरलं.

शुक्रवारी ऑफिसातून आले तर आईने टेबलावर एक खण, हळकुंड, सुपारी आणि कुंकवाची डबी मांडली होती. खण तिने सांगलीहून दोन आणले होते, कोणाला द्यायला लागले तर असावेत म्हणून.

"उद्या जाताना वाटेत नारळ घे. तिची ओटी भर."

"आई, ती गायिका आहे. दुकानात बसून सह्या करणार आहे. तिथे ओटी?"

"घरापासून इतकी लांब आलेली मुलगी आहे. तुझ्या गावात येतेय. रिकाम्या हाताने भेटणार का तिला?"

"मग तू भर ना."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा होते तोवर सांगलीहून निघताना माझी ओटी आईच भरायची. ओंजळीने तांदूळ घालायची, नारळ ठेवायची, आणि मी पदर नाहीतर ओढणी सावरत असतानाच विचारायची, "आता परत कधी?" बाबा गेल्यानंतर मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तिने शेजारच्या काकूंना बोलावलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. तिने स्वतःच ठरवलं होतं, आणि स्वतःशी ठरवलेल्या गोष्टीवर आईशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्या दोन्ही वेळी "आता परत कधी?" हेही काकूंनीच विचारलं होतं.

शनिवारी दुपारी दुकानात पन्नासेक माणसं होती. बरेच लोक माझ्यापेक्षा वयस्कर, काहींच्या डोक्यावर टोप्या. एकाने उठून आईला आपली खुर्ची दिली. बाई आली, जीन्स आणि चौकड्यांचा शर्ट घालून, गिटार घेऊन. फोटोत दिसते त्यापेक्षा ठेंगणी होती. गाताना ती पक्की टेनेसीची. पण गाणं संपवून बोलायला लागली आणि मी चकितच झाले. बोलणं अगदी घरचं, तिच्या इंग्लंडच्या गावचं, शब्द न शब्द सुटा. हे एकाच गळ्यात कसं राहतं? आपण देवासमोर एक मराठी बोलतो आणि रिक्षावाल्याशी एक, तसं असेल का? मी या विचारात असताना आई खुर्चीत पुढे सरकून बसली आणि मान वाकडी करून ऐकू लागली. मला वाटलं खुर्ची टोचते आहे.

रांगेत आमचा नंबर आला. मी सह्यांसाठी अल्बम पुढे केला आणि पिशवीतून नारळ काढला. दुकानदाराने भुवया वर केल्या. मी घाईघाईत सांगितलं की आमच्याकडे लेक घरापासून लांब असली की तिला हे देतात, ही माझी आई आहे, ही तिची कल्पना. बाई उठून उभीच राहिली. हे काय, ते काय, विचारायला लागली. हळकुंड नाकाशी नेऊन वास घेतला. पदर नव्हता, म्हणून मी तिला शर्टाची खालची कड दोन्ही हातांनी धरायला लावली. कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ घातली. निम्मे तांदूळ तिच्या नव्या अल्बमच्या गठ्ठ्यावर सांडले. आई एक पाऊल मागे, पिशवी धरून उभी होती.

"आणि या?" तिने आईकडे बघून मला विचारलं.

"वडील गेल्यापासून ती हे करत नाही," मी म्हटलं. बाईने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. ते मला आवडलं.

मग आई मला म्हणाली, "तिला विचार, तुझी आई कुठे असते?"

मी विचारलं. बाई शर्टाची कड तशीच धरून बोलायला लागली. आई तिकडेच असते, त्याच घरात, एकटी. मी तिला पाच वेळा बोलावलं, ती येत नाही. आधी मला फार राग यायचा. आता ती दर वसंतात तीन आठवडे येते, माझी सगळी कपाटं आवरते आणि आपल्या घरी परत जाते.

आई माझ्याकडे बघत होती.

"आई तिकडेच असते म्हणे," मी म्हटलं. "मजेत आहे. दर वसंतात इकडे येते."

"बरं," आई म्हणाली. तिने बाईच्या दंडावर हात ठेवला, बाईने नारळ सांभाळत तिला जवळ घेतलं, आणि आम्ही निघालो.

गाडी दुकानाच्या पार्किंगमधून बाहेरही पडली नव्हती.

"पाच वेळा बोलावलं, ते का नाही सांगितलंस?"

मी ब्रेक दाबला. "तुला कळलं?"

"शब्द न शब्द. गाताना कळत नाही तिचं. बोलताना आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई बोलायच्या तसं बोलते." तिने पट्टा सैल केला. "राग यायचा, तेही नाही सांगितलंस."

इतकी वर्षं माझ्या वह्या तपासलेल्या बाईसमोर मी उत्तर गाळलं होतं आणि पकडले गेले होते. लाज वाटली.

"आता ते सहावं लाव," आई म्हणाली. "जे तू रोज पुढे ढकलतेस."

मी गाडी परत पार्किंगमध्ये घेतली आणि लावलं. या वेळी एकही ओळ गाळली नाही. थांबवत थांबवत सगळं सांगितलं. टॅक्सी, बॅग, चेन.

"कशाला अडकली?"

"चहाच्या पुड्याला. आईने लपवून भरला होता."

आई खळखळून हसली. दार कोण उघडेल, हेही मी सांगितलं. त्यावर ती हसली नाही. स्टील गिटार आली तेव्हा तिचं बोट वर गेलं. गाणं संपल्यावर म्हणाली, "हिची आई एकटीच असते ना गं? नवरा नाही?"

"एकटी म्हणाली."

"तरी भरली की तिने लेकीची ओटी. चहाच्या पुड्याने का होईना."

घरी आल्यावर तिने फळांची परडी उचलली, चष्मा लावला आणि ते कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग सारखे करून, सही न करता, माझ्या हातात दिले.

"मी इथे राहिले तर तुला माहेर राहायचं नाही," ती म्हणाली. "सांगलीला मग कोणाकडे येशील? लॉजवर उतरशील?"

मी चिडले. चांगलीच चिडले. म्हटलं, माहेर घेऊन काय करू, परत पडलीस तर? चार दिवस मला कळणारसुद्धा नाही. माझा आवाज चढला, मग फुटला, आणि मी एक्कावन्न वर्षांची बाई टेबलाशी उभी राहून रडले. मला ती हवी होती. काळजी वगैरे सगळं खरं, पण मुळात ती मला रोज माझ्या घरात, माझ्या गाडीत हवी होती. हे मी तिला तसंच सांगितलं.

तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "चार दिवस लपवलं ते माझं चुकलं. आता रोज सकाळी फोन करीन. नाही आला तर काकूंना पाठव, त्यांच्याकडे किल्ली ठेवते. आणि दर वर्षी सहा महिने येईन, जमेल तोवर. पण घर माझं तिकडे." तिने पेन्सिलीच्या फुल्यांकडे बोट केलं. "ह्या खोडून टाक. बघवत नाहीत."

मी खोडल्या नाहीत. कागद कपाटात ठेवले. पण भांडलेही नाही.

पाच आठवड्यांनी तिचं विमान होतं. दुपारी निघायचं होतं. तिच्या दोन्ही बॅगा दाराशी लावून मी गाडीची किल्ली शोधत होते, तेवढ्यात तिने आतून हाक मारली. देवाच्या कोनाड्यासमोर पाट मांडला होता. ताटात दुसरा खण, नारळ आणि वाटीभर माझेच बासमती तांदूळ.

"बस. ओटी घे."

मी काही विचारलं नाही. विचारलं तर ती थांबेल अशी भीती वाटली. अंगात घरातला स्वेटशर्ट होता, त्याचीच कड धरून बसले. तिने कुंकवाची डबी उघडली आणि तिचं बोट क्षणभर डबीवरच राहिलं. मग तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. थोडं जास्तच लागलं.

"तुझे बाबा काही म्हणाले नसते," ती म्हणाली. "मीच उगीच त्या काकूंना दोन्ही वेळा जिना चढायला लावला."

खण, नारळ, मग तांदूळ. तिची ओंजळ आता लहान झाली आहे, पण एक दाणा बाहेर सांडला नाही. विमानात ती बसणार होती, बॅगा तिच्या होत्या, घर माझं होतं. तरी माझी कड सारखी करत, मीच निघाले आहे असं माझ्याकडे बघत, तिने विचारलं, "आता परत कधी?"

"दिवाळीला येते," मी म्हटलं.